बॉट चालू आहे, पण बघतोय का? डिचोलीच्या घरातल्या प्रकल्पाच्या नोंदी

३० जून २०२५, सोमवार

आजपासून माझा बॉट, म्हणजे शेअर बाजारात आपोआप खरेदी-विक्री करणारा प्रोग्रॅम, खऱ्या पैशांवर. एकूण २५,००० रुपये, सगळे माझ्या पगारातले. निफ्टीच्या एका ईटीएफमध्ये (निर्देशांकामागे चालणारा, शेअरसारखा घेता-विकता येणारा फंड) तो रोखीने खरेदी करतो, दोन-चार दिवस धरतो आणि विकतो. फ्युचर्स-ऑप्शन्सला हात लावायचा नाही, हा बाबांना दिलेला शब्द आहे. कोड पायथनचा, मशीन म्हणजे एक मिनी पीसी, तो डिचोलीच्या घरी बाबांच्या पुस्तकांच्या कपाटावर ठेवलाय. इन्व्हर्टरची लाइन तिथपर्यंत ओढून घेतली.

अडचण अशी की मी आठवडाभर नोकरीसाठी वेर्ण्याला. बाजार सव्वानऊ ते साडेतीन, आणि तेवढ्याच वेळात माझा फोन ऑफिसच्या लॉकरमध्ये असतो. बाबा निवृत्त गणित शिक्षक, दिवसभर घरी. परवा त्यांनीच विषय काढला, "मी बघत जाईन रे. कुठे बघायचं तेवढं दाखवून ठेव."

म्हणून बॉटला फ्लास्क या पायथन लायब्ररीत एक छोटं एपीआय जोडलं, म्हणजे बाहेरून प्रश्न विचारायची खिडकी, आणि ते प्रश्न (रिक्वेस्ट) पाठवायला बाबांच्या लॅपटॉपवर ब्रुनो टाकलं. पोस्टमनही चाललं असतं. ब्रुनो घेतलं कारण त्यात प्रत्येक रिक्वेस्ट आपल्याच फोल्डरमध्ये साध्या मजकुराच्या फाइलसारखी राहते, गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणारं साधन) घालता येते, आणि एपीआयची गुप्त किल्ली 'सीक्रेट' म्हणून ठेवली की फाइलमध्ये उतरत नाही. पैशाच्या कामातली किल्ली दुसऱ्याच्या क्लाउडवर सिंक झालेली मला नको. बाहेरून पोचायला टेलस्केल आहे, म्हणजे आपल्याच उपकरणांचं खाजगी नेटवर्क. राउटरवर एकही पोर्ट उघडलेलं नाही.

बाबांसाठी सध्या एकच रिक्वेस्ट: 'स्टेटस'. बटण दाबलं की चार ओळी येतात. स्टेट रनिंग, कनेक्टेड ट्रू, युनिट ०, शेवटचा भाव अमुक.

४ जुलै, शुक्रवार

पहिला आठवडा सरळ गेला. मंगळवारी ६० युनिट घेतले, आज विकले. बाबा एका दोनशे पानी वहीत वेळ आणि उत्तर लिहून ठेवतात. मी म्हटलं, लॉग फाइल आहे बाबा, लिहायची गरज नाही. ते म्हणाले, "ती बॉटची वही. ही माझी."

११ जुलै, शुक्रवार

रात्री साडेदहाला लिहितोय. आजचं सगळं नीट मांडायला हवं.

सकाळपासून पाऊस. अकराच्या सुमारास डिचोलीत वीज गेली. मिनी पीसी आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर होते, ते चालूच राहिले. पण वाटेत कुठेतरी फायबरवाल्याचं उपकरण बंद पडलं असावं, कारण लाइन गेली. राउटरने जे करायचं तेच केलं: मिनिटभरात फोरजी डोंगलवर उडी मारली. टेलस्केलनेही नवी वाट शोधली. म्हणजे बाबांना बॉटपर्यंत पोचता येत होतं आणि बॉट उत्तरही देत होता.

बाबांच्या वहीतल्या आजच्या ओळी पेन्सिलने लिहिलेल्या आहेत, तशाच उतरवतो:

११:२० रनिंग, कनेक्टेड.
११:४० रनिंग, कनेक्टेड.
१२:०५ रनिंग, कनेक्टेड. भाव तिन्ही वेळा तोच, पैशासकट. हे कसे?

त्या 'हे कसे'खाली दोन रेघा आहेत. चाळीस वर्षं पोरांच्या वह्या तपासलेल्या माणसाला तीन उत्तरं हुबेहूब सारखी आली की कॉपीचा वास येतो. मला आला नसता. मी 'रनिंग' वाचून खिडकी मिटली असती.

त्यांचा मेसेज मी साडेबाराला कॅन्टीनमध्ये पाहिला. ब्रोकरच्या ॲपवर भाव बघितला तर तो आमच्या स्टॉपच्या, म्हणजे ज्या भावाला तोटा थांबवायला विकायचं त्याच्या, १ रुपया ४० पैसे खाली होता. बॉटला स्टॉप माहीत होता, पण भाव खाली आलाय हेच माहीत नव्हतं. त्याच्या डोळ्यासमोर अकराच्या आधीचा भाव गोठून राहिला होता. १२:४१ला मी ६० युनिट हाताने विकले. स्टॉपच्या हिशेबाने जास्तीचं नुकसान ८४ रुपये.

आकडा लहान आहे कारण रक्कम लहान आहे. दीड तास बॉट आंधळा होता आणि विचारलं की "सगळं ठीक" म्हणत होता, हे मात्र लहान नाही. हाच कोड मी पुढे दहापट पैशांवर चालवणार होतो.

१२ जुलै, शनिवार

रात्रीच घरी आलो. सकाळी चहा-पाव आटोपून बाबा आणि मी पडवीत लॅपटॉप घेऊन बसलो, बाहेर पागोळ्या गळत होत्या. लॉग वाचून दोन दोष सापडले. दोन्ही माझे.

पहिला कनेक्शनचा. बाबांना मी जुन्या टेलिफोनचं उदाहरण दिलं. पलीकडच्याने रिसीव्हर ठेवला तर आपल्याला टूं-टूं ऐकू येतं, फोन संपला हे कळतं. मधली तारच तुटली तर नुसती शांतता. आपण बोलणारे असू तर दोन-तीनदा "हॅलो" करून बघू. नुसतंच ऐकत बसलो असू तर तसेच बसून राहू. बॉटचं भाव आणणारं वेबसॉकेट, म्हणजे सतत उघडी राहणारी जोडणी, फक्त ऐकतं. फायबर तुटली तेव्हा "मी बंद होतोय" असं सांगणारं एकही पॅकेट त्याच्यापर्यंत आलं नाही. याला हाफ-ओपन कनेक्शन म्हणतात: एका टोकाच्या मते जोडलेलं, प्रत्यक्षात पलीकडे कोणी नाही. लिनक्सचं टीसीपी कीपअलाइव्ह, म्हणजे शांत जोडणी जिवंत आहे का ते विचारणारी सोय, आपणहून सुरू नसतं. सुरू केलं तरी मूळ सेटिंगमध्ये ते पहिली चौकशी ७,२०० सेकंदांनी करतं, म्हणजे दोन तासांनी. आणि मी वापरलेल्या वेबसॉकेट-क्लायंट लायब्ररीत पिंगचं ('आहेस का?' या हाकेचं) अंतर सांगितलं नाही तर ते शून्य धरलं जातं, म्हणजे पिंग बंद. मी सांगितलं नव्हतं.

दुसरा दोष जास्त लाजिरवाणा. 'स्टेट' हे व्हेरिएबल बॉट सुरू होताना 'रनिंग' होतं आणि मी थांबवेपर्यंत 'रनिंग'च राहतं. ते वाचून उत्तर देणारा फ्लास्कचा धागा (थ्रेड, प्रोग्रॅममधलं स्वतंत्र चालणारं काम) वेगळा आहे. भाव बघून निर्णय घेणारा धागा मरून पडला तरी फ्लास्क तेच सांगत राहणार. दार उघडायला आलेला माणूस "साहेब आहेत घरात" म्हणतो, पण आत जाऊन बघून येत नाही.

बाबांनी विचारलं, "मग याला नेमकं काय विचारायला हवं होतं?"

दिवसभर आम्ही त्याच प्रश्नावर होतो.

१३ जुलै, रविवार

फ्रीकट्रेड या मुक्त स्रोत बॉटचं एपीआय वाचून काढलं. तो क्रिप्टोसाठी आहे, आमच्या कामाचा नाही, पण त्यांनी प्रश्न वेगळे ठेवलेत ते पटलं. 'पिंग'ला पासवर्डही लागत नाही, उत्तर फक्त 'पाँग'. 'स्टेटस' म्हणजे उघडे सौदे. 'हेल्थ' वेगळं, आणि त्यात बॉटचा मुख्य फेरा शेवटचा कधी पूर्ण झाला ती वेळ येते. 'ठीक आहे' असं विशेषण येत नाही, वेळ येते. ठीक आहे का ते विचारणाऱ्याने ठरवायचं.

त्यावरून आमच्या तीन रिक्वेस्ट ठरल्या. नावं बाबांनी दिली, ब्रुनोत तशीच ठेवली आहेत.

'जिवंत आहे का': नुसतं पाँग.

'बघतोय का': शेवटचा भाव किती वाजता आला, निर्णयाचा फेरा शेवटचा किती वाजता पूर्ण झाला, आणि दोन्हींचं वय सेकंदात. बाजाराच्या वेळात वय १५ सेकंदांच्या वर गेलं तर एपीआय २०० ('ठीक') न देता ५०३ ('सेवा उपलब्ध नाही') हा कोड देणार. आतापर्यंत आत काहीही बिघडलेलं असो, वरून २०० यायचं, आणि २००चा अर्थ एवढाच की पत्ता सापडला आणि दार उघडलं गेलं.

'जुळतंय का': बॉटच्या वहीत किती युनिट, ब्रोकरच्या वहीत किती. ही अजून लिहायची आहे.

ब्रुनोत प्रत्येक रिक्वेस्टला अटी जोडता येतात. अट पाळली गेली तर हिरवं, नाहीतर लाल. बाबांना जेसन (एपीआयच्या उत्तराचा कच्चा मजकूर) वाचत बसावं लागणार नाही, पण खाली आकडे दिसतील, कारण त्यांना आकडे हवे असतात.

पिंग दर २० सेकंदांनी सुरू केला. उत्तर आलं नाही तर सॉकेट तोडून नवं जोडायचं. आणि स्टॉप यापुढे बॉटच्या डोक्यात राहणार नाही. रोज सकाळी खरी स्टॉप-लॉस ऑर्डर एक्स्चेंजकडे टाकायची, म्हणजे घर अख्खं अंधारात गेलं तरी ती तिथे उभी असेल. डीमॅटमधले युनिट विकायला ब्रोकरला लागणारं डीडीपीआय हे अधिकारपत्र मी खातं उघडतानाच दिलं होतं, म्हणून हे जमतंय.

१६ जुलै, बुधवार

बाबांचा मेसेज: "शेवटचा भाव पहाटे ०५:४२चा दाखवतोय. बॉट रात्रभर झोपलाय का?" तेव्हा वाजले होते ११:१२. मशीनची वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळ), आपण साडेपाच तास पुढे. बॉट ठीक होता. उत्तरात आता भारतीय वेळच देतोय. आत साठवताना यूटीसी, माणसाला दाखवताना आपली.

१८ जुलै, शुक्रवार

ब्रोकरकडून ४२९, म्हणजे फार वेळा विचारताय. कारण शोधलं तर बाबा 'बघतोय का' पाठोपाठ दाबत होते आणि मी प्रत्येक दाबण्यामागे ब्रोकरला ताजं विचारत होतो. बॉटच्या ऑर्डरलाच मर्यादा आडवी आली असती. तपासणी करणाऱ्याने तपासायच्या गोष्टीचा श्वास कोंडता कामा नये. ब्रोकरचं उत्तर आता ३० सेकंद जपून ठेवतो आणि ते किती जुनं आहे ते सोबत सांगतो. बाबांनी हवं तितकं दाबावं.

२२ जुलै, मंगळवार

'जुळतंय का' लिहून झालं. बॉट स्वतःच्या डेटाबेसातला आकडा देतो, त्याच्या शेजारी ब्रोकरच्या पोझिशन्समधला आकडा. दोन्ही ६०. हिरवं.

२३ जुलै, बुधवार

सकाळी ९:१६ला लाल. बॉटचे ६०, ब्रोकरकडे ०. बाबांनी ऑफिसच्या लँडलाइनवर फोन केला, हे पहिल्यांदाच. मीही घाबरलो. ब्रोकरचं ॲप उघडलं तर युनिट जागेवर होते, फक्त कप्पा बदलला होता. काल घेतलेलं काल 'पोझिशन्स'मध्ये दिसतं, आज ते 'होल्डिंग्ज'मध्ये टी-वन म्हणून जातं. २७ जानेवारी २०२३पासून आपल्याकडे सगळ्या शेअरचं सेटलमेंट टी अधिक १, म्हणजे सौद्याच्या पुढच्या कामाच्या दिवशी, झालंय, ते मला तोंडपाठ आहे, पण कोड लिहिताना आठवलं नाही. आता दोन्ही कप्प्यांची बेरीज करतो.

बाबांना वाटलं त्यांनी उगाच फोन केला. त्यांना सांगितलं की लाल दिसल्यावर फोन करणं हेच बरोबर, लाल का दिसलं ते बघणं माझं काम.

३० जुलै, बुधवार

सेबीचं कालचं परिपत्रक वाचलं. किरकोळ गुंतवणूकदारांच्या अल्गो ट्रेडिंगची (प्रोग्रॅमने आपोआप होणाऱ्या सौद्यांची) चौकट ४ फेब्रुवारी २०२५च्या परिपत्रकात आली होती, ती उद्या-परवा १ ऑगस्टला लागू व्हायची होती. आता १ ऑक्टोबर. आमच्यासाठी महत्त्वाचं काय तर एपीआयने ऑर्डर टाकायची तर स्थिर आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा न बदलणारा पत्ता, ब्रोकरकडे नोंदवावा लागेल. अल्गोची वेगळी नोंदणी सेकंदाला ठरावीक ऑर्डरच्या वर गेलात तर. आमचा बॉट दिवसाला चार ऑर्डरही टाकत नाही, तो प्रश्न नाही.

पण स्थिर आयपी आणि डिचोलीचं घर यांचं जमणार नाही. फायबर गेली की आम्ही फोरजीवर, म्हणजे दुसरा आयपी, म्हणजे नेमकी गरज असताना ऑर्डर नाकारली जाणार. मुदत वाढली म्हणून थांबत नाही. बॉट मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये भाड्याच्या छोट्या सर्व्हरवर न्यायचा.

१० ऑगस्ट, रविवार

बॉट हलवला. काल-आज दोन्ही दिवस त्यात गेले. आईने दोनदा जेवायला हाक मारून नंतर ताट इथेच आणून ठेवलं.

२४ ऑगस्ट, रविवार

कपाटावरचा मिनी पीसी रिकामा होता, त्याला नवं काम दिलं: बॉटवर पाळत. ब्रुनोच्या त्याच तीन फाइली कमांड लाइनवरून 'ब्रू रन'ने चालतात, दर दोन मिनिटांनी, बाजाराच्या वेळात. लाल आलं तर टेलिग्रामवर मेसेज. पाळत ठेवणारा बॉटच्याच मशीनवर ठेवला असता तर मशीन बसल्यावर दोघेही एकदमच गप्प झाले असते, म्हणून तो डिचोलीत आणि बॉट मुंबईत. आणि पाळत ठेवणाराच मेला तर कळावं म्हणून तो रोज ९:२०ला एक "मी आहे" मेसेज पाठवतो. तो आला नाही तर बाबा विचारतील.

२७ ऑगस्ट, बुधवार, चवथ (गणेश चतुर्थी)

घर भरलेलं. गणपतीवरची फळा-पानांची माटोळी काल रात्री बांधून झाली: नारळाचा घड, सुपारीचा घोस, चिबूड, तोरिंजन, मामांनी रानातून आणलेले कांगल्यांचे झुबके. सकाळी भटजी आले, आरतीची तयारी चालली होती आणि ९:१६ला फोन वाजला. 'बघतोय का': लाल. ९:१८ला परत. ९:२०ला परत.

आज शेअर बाजाराला सुट्टी आहे. भाव येणार कुठून? बॉट बरोबर होता, बाजार बंद होता, आणि पाळत ठेवणाऱ्याला फक्त घड्याळ माहीत होतं. शनिवार-रविवार मी त्याला शिकवले होते, सण शिकवले नव्हते. १०:३६पर्यंत ४१ मेसेज. आरती चालू असताना मी तो चॅनेल म्यूट केला.

जेवणानंतर मामांनी हळूच विचारलं, माझ्याही खात्यावर लावून दे ना. त्यांना नियम सांगितला: स्वतः लिहिलेला अल्गो कुटुंबासाठी वापरता येतो, पण कुटुंब म्हणजे स्वतः, जोडीदार, आश्रित मुलं आणि आश्रित आई-वडील. मामा त्यात बसत नाहीत. मामा म्हणाले, "चवथीला बरा बसतो." हसले, पण नियम नियम आहे आणि त्यांनी तो मानला.

२८ ऑगस्ट, गुरुवार

आज बाजार उघडा होता आणि चॅनेल सकाळी अकरापर्यंत म्यूटच होता. काल बंद केला तो उघडायचा राहिला. त्या पावणेदोन तासांत काही झालं नाही, एवढंच.

रात्री नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर व्यवहार कंपनीची गोष्ट पुन्हा वाचली. १ ऑगस्ट २०१२, न्यूयॉर्क. नवा कोड आठ सर्व्हरवर चढवायचा होता, सातवर चढला. आठव्यावर जुना, वापरात नसलेला कोड शिल्लक राहिला आणि बाजार उघडताच तो जागा झाला. साधारण ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून जास्त तोटा. लोक ही गोष्ट चुकलेल्या डिप्लॉयमेंटची (नवा कोड चढवण्याची) म्हणून सांगतात. मला आज त्यातली दुसरी ओळ टोचली. अमेरिकेच्या सिक्युरिटीज ॲन्ड एक्स्चेंज कमिशनच्या २०१३च्या आदेशात नमूद आहे की बाजार उघडायच्या आधी त्यांच्याच यंत्रणेने लोकांना ९७ ईमेल पाठवले होते, चूक कुठे आहे त्याचा उल्लेख असलेले. ते ईमेल इशारा म्हणून आखलेलेच नव्हते, म्हणून कोणी त्यावर हालचाल केली नाही.

यंत्र बोलत होतं. ऐकायची सवय कोणाला नव्हती. माझे ४१ मेसेज खोटे होते, पण खोट्या ४१नंतरचा खरा बेचाळिसावा मी वाचला असता का? वाचला नसता, कारण मी कानच बंद केले होते.

आज रात्रीच बदललं. एक्स्चेंजची वर्षाची सुट्ट्यांची यादी एका फाइलमध्ये घातली. मेसेज फक्त स्थिती बदलली की जाणार, हिरव्याचं लाल किंवा लालचं हिरवं, आणि लाल टिकून राहिलं तर दर १५ मिनिटांनी एक. म्यूटही आमचंच लिहिलं, ते दुसऱ्या दिवशी सकाळी ९ला आपोआप उठतं. म्हणून टेलिग्रामचं म्यूट वापरायचं नाही, आमचंच वापरायचं.

३१ ऑगस्ट, रविवार

बाबांना आतापर्यंत फक्त बघता येत होतं. ११ जुलैला त्यांनी चूक पकडली आणि नंतर पंचवीस मिनिटं माझ्या उत्तराची वाट बघत बसले. हे बरोबर नाही. जो बघतो त्याच्या हातात काहीतरी हवं.

चौथी रिक्वेस्ट दिली: 'नवी खरेदी थांबवा'. हातातले युनिट तसेच राहतात, एक्स्चेंजकडचा स्टॉप तसाच राहतो, बॉट फक्त नवीन काही घेत नाही. यात बाबांकडून काही बिघडू शकत नाही. सगळं विकून टाकायचं बटण मुद्दाम दिलं नाही, लाल दिसलेल्या क्षणी तो निर्णय घ्यायची पाळी कोणावर येऊ नये. बाबांच्या किल्लीला बघणं आणि थांबवणं एवढेच अधिकार, परत सुरू करायचे नाहीत.

बाबांनी विचारलं, "चुकून दाबलं तर?"

"तर एक खरेदी हुकेल, बाबा."

"मग शंका आली तरी दाबायचं."

"शंका आली तरी दाबायचं."

११ सप्टेंबर, गुरुवार

बाबांच्या वहीतून:

१०:४७ जुळतंय का: लाल. बॉटचे ३०. ब्रोकरचे ६०.
१०:४८ पुन्हा. तेच.
१०:४८ नवी खरेदी थांबवा. दाबले. उत्तर: थांबवली.
१०:५० मुलाला मेसेज.

पाळतीचा मेसेजही १०:४६ला आला होता, माझा फोन लॉकरमध्ये. मी सव्वाअकराला पाहिलं तेव्हा बॉट थांबलेला होता आणि बघायला माझ्याकडे वेळ होता. जुलैत तो नव्हता.

काय झालं: १०:४४:०९ला बॉटने ३० युनिटांची खरेदी पाठवली. ब्रोकरकडून १० सेकंदांत उत्तर आलं नाही. माझ्या कोडने ते 'झालं नाही' असं धरलं आणि १०:४४:२१ला परत पाठवली. दुसरीचं उत्तर लगेच आलं, तीच वहीत नोंदली गेली. पण पहिलीही पोचली होती, पूर्णही झाली होती, फक्त पोचपावती परत आली नाही. पोस्टात टाकलेल्या मनीऑर्डरची पावती आली नाही म्हणून दुसरी मनीऑर्डर करायची नसते, आधी पोचली का ते विचारायचं असतं. मशीन मुंबईत नेल्याने यात काही फरक पडत नाही. हा दोष तारेत नाही, माझ्या समजुतीत होता.

एक गोष्ट नोंदवून ठेवतो. आज 'बघतोय का' पूर्ण वेळ हिरवं होतं. भाव सेकंदा-दोन सेकंदांचा ताजा, फेरा चालू, बॉट धडधाकट. आणि तरी त्याला स्वतःच्याच खिशात किती आहे ते चुकीचं माहीत होतं. त्याला एकट्याला कितीही विचारलं असतं तरी तो प्रामाणिकपणे ३०च म्हणाला असता. ब्रोकरला वेगळं विचारलं म्हणून कळलं.

जास्तीचे ३० दुपारी हाताने विकले. भाव जवळपास तोच, खर्च धरून किरकोळ गेले.

१३ सप्टेंबर, शनिवार

दुरुस्ती. प्रत्येक ऑर्डरला पाठवायच्या आधीच एक वेगळी खूण, ब्रोकरच्या एपीआयमधल्या टॅगच्या रकान्यात. खूण आधी डेटाबेसात लिहायची, मग ऑर्डर पाठवायची. उत्तर आलं नाही तर परत पाठवणं बंद. ऑर्डर बुकात ती खूण शोधायची, तीन वेळा, पाच-पाच सेकंदांनी. सापडली तर जे झालं ते वहीत घ्यायचं. सापडली नाही तर बॉटने स्वतःच नवी खरेदी थांबवायची आणि माणसाला हाक मारायची. एक खरेदी हुकली तर हुकू दे.

पडताळणीसाठी खोटा ब्रोकर लिहिला, तो ऑर्डर लगेच पूर्ण करतो पण उत्तर मुद्दाम १५ सेकंदांनी देतो. बाबा शेजारी बसून हाताने मोजत होते. आधी जुना कोड चालवला: दोन ऑर्डर, बॉटचे ३०, ब्रोकरचे ६०, लाल. परवाचं सगळं जसंच्या तसं समोर आलं, तेव्हा खात्री पटली की कारण हेच. मग नवा कोड, २० वेळा. वीसही वेळा एकच ऑर्डर, ३० आणि ३०. मग उत्तरही नाही आणि ऑर्डरही नाही अशी पाच वेळा: पाचही वेळा बॉट थांबला आणि मेसेज आला.

राहिलेलं: स्थिर आयपी ब्रोकरकडे नोंदवायचा अर्ज. ऑर्डरचं अर्धवट पूर्ण होणं, ३० मागितले आणि १८च मिळाले, ते अजून खोट्या ब्रोकरवर तपासलेलं नाही, ते उद्या.

परवापासून थांबवलेली खरेदी सोमवारी सुरू करायची. बाबांच्या किल्लीने ती होत नाही, त्यामुळे मीच सकाळी ८:५०ला, फोन लॉकरमध्ये टाकायच्या आधी. सव्वानऊला बाबा तिन्ही दाबतील.